मोहोळ उठते, तेव्हा दोष कोणाचा?

‘अजिंठा लेणीत मधमाश्यांचा पर्यटकांवर हल्ला’ हा मथळा आपण एकदा नव्हे, अनेकदा वाचला आहे. त्याखालचा मजकूरही ठरलेला असतो. इतके जखमी झाले, इतक्यांना दवाखान्यात हलविले, पर्यटकांची एकच धावपळ उडाली आणि शेवटी पुरातत्त्व विभागाने मोहोळे काढून टाकावीत अशी मागणी. दुसऱ्या दिवशी बातमी शिळी होते. या सगळ्या मजकुरात एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. ते मोहोळ उठले कशाने?

आमचा आक्षेप त्या ‘हल्ला’ या शब्दालाच आहे. हल्ला करणारा दुसऱ्याच्या घरी चालून जातो. इथे घर कोणाचे आणि चालून कोण गेले? अजिंठ्याच्या कड्याला लटकणारी ती आग्या मोहोळाची माशी कोणाच्या बसमध्ये शिरत नाही, कोणाचा डबा हिसकावीत नाही. आपण तिच्या घराखाली जातो. तिथे सिगारेट पेटवतो, शिट्ट्या मारतो, एखादा टवाळ पोरगा नेम धरून दगड भिरकावतो, आणि मग पन्नास निरपराध माणसे सुजलेल्या तोंडांनी दवाखान्यात पोहोचतात. दगड मारणारा बहुधा पळण्यातही पहिलाच असतो. डंख बसतात ते म्हाताऱ्या आईला, कडेवरच्या लेकराला, आणि डोलीत माणूस बसवून पायऱ्या चढणाऱ्या त्या गरीब डोलीवाल्याला. त्याच्या खांद्यावर ओझे असते. त्याला पळताही येत नाही.

हा विषय आम्ही भोकरदनच्या वाचकांसमोर मुद्दाम मांडत आहोत. भोकरदन, जाफ्राबाद, जालना या भागातून बुद्ध पौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, उन्हाळी सुटीत आणि शाळांच्या सहलीत अजिंठ्याला जाणारांची संख्या मोठी आहे. सिल्लोडमार्गे गेले की अजिंठा आपल्याला घरचाच वाटतो, आणि तो आहेही. हे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांचे जे शिलालेख आहेत, त्यांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळातील संपन्न नगरीचे अवशेष मिळाले. इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साधर्म्य असलेली हस्तिदंती मूर्ती भोकरदनच्याच मातीत मिळाली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावची माणसे दूरदूरच्या स्तूपांना दान देत होती, व्यापाराला जात होती. त्यांचा रस्ता रानातून जात होता. त्या रानात वाघ, अस्वल, साप आणि मोहोळे सगळे काही होते. तरीही ती माणसे गेली आणि परत आली, कारण रानातून कसे जावे हे त्यांना ठाऊक होते. आज डांबरी रस्ता आहे, गाडी आहे, मोबाईल आहे. फक्त ते शहाणपण वाटेत कुठेतरी गळून पडले आहे.

अजिंठ्याच्या घळीतून वाहणाऱ्या नदीचे नाव वाघूर, कोणी तिला वाघोराही म्हणतात. नावातच वाघ आहे. घोड्याच्या नालेसारखा वळलेला तो कडा, त्यात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकापर्यंत कोरलेली लेणी, आणि पुढे कित्येक शतके त्यांवर पसरलेले जंगल. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतील जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी या घळीत आला आणि त्याला लेणे दिसले. ‘अजिंठ्याचा शोध लावणारा’ म्हणून पुस्तकांतून त्याचे कौतुक होते. आजूबाजूच्या गावांतील गुराख्यांना, भिल्लांना ही लेणी आधीपासून ठाऊक होती, हे सांगायला मात्र इतिहासकारांना अनेक वर्षे लागली. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. या स्मिथने त्या दिवशी काय केले? दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, दगडमातीच्या ढिगाऱ्यावर उभे राहून, बोधिसत्त्वाच्या चित्रावर त्याने स्वतःचे नाव आणि तारीख कोरली. ढिगारा पुढे काढला गेला, म्हणून ते नाव आज माणसाच्या डोक्याच्या वर दिसते.

आधुनिक काळातील अजिंठ्याचा हा पहिला पर्यटक. तो आला प्राण्याला मारायला आणि गेला चित्र विद्रूप करून. ‘मी आलो, मला हवे ते मी करणार, ही जागा माझ्यासाठी आहे’ ही त्याची वृत्ती. तो राज्यकर्त्यांच्या जातीचा होता, त्याला विचारणारे कोणी नव्हते. पण आज ‘अमुक लव्ह तमुक’ असे भिंतीवर कोरणारा, माकडाला वेफर्स दाखवून त्याच्याबरोबर फोटो काढणारा, पोळ्याकडे दगड भिरकावणारा आपला पोरगा त्याच स्मिथचा वारस नव्हे काय? इंग्रज गेला, त्याची मस्ती मागे राहिली. जी लेणी आपल्या पूर्वजांनी कोरविली, तिथे आपण शिकाऱ्यासारखे जायचे की वारसदारासारखे, हे ठरविण्याची वेळ आली आहे.

आता मधमाशीविषयी थोडे. कारण अज्ञान हेच अनेक अपघातांचे मूळ असते. आग्या मोहोळ ही पेटीत पाळता येणारी माशी नव्हे. ती आकाराने मोठी, उघड्यावर राहणारी. उंच कडा, मोठे झाड, पाण्याची टाकी अशा ठिकाणी ती एकच मोठे पोळे लटकवते. एकेका पोळ्यावर हजारो माश्या असतात. फुलोऱ्याच्या हंगामाप्रमाणे त्या स्थलांतर करतात आणि पुढच्या हंगामात बहुतेक वेळा त्याच कड्यावर परत येतात. म्हणून ‘पोळी जाळा, काढून टाका’ ही मागणी कितीही जोरात केली तरी तिने प्रश्न सुटत नाही. आज काढले, उद्या पुन्हा येणार. शिवाय आंबा, सूर्यफूल, तूर, कांद्याचे बियाणे अशा कितीतरी पिकांचे परागीकरण मधमाश्यांमुळे होते. माश्या संपल्या तर नुकसान आपल्याच शेतकऱ्याचे.

ही माशी विनाकारण डसत नाही. डसल्यावर तिची नांगी आपल्या कातडीत अडकते, तिचे पोट फाटते आणि ती मरते. म्हणजे डसणे ही तिच्यासाठी जीव देण्याची गोष्ट आहे. पोळ्याला धोका वाटला तरच ती हे करते. धूर, उग्र अत्तर, अचानक मोठा आवाज, हादरा, दगड आणि मधुबाज हा शिकारी पक्षी, ही तिची नेहमीची शत्रूंची यादी. पहिली माशी डसली की नांगीबरोबर एक विशिष्ट गंध बाहेर पडतो. ‘शत्रू इथे आहे’ अशी ती हाक असते. त्या गंधावर बाकीच्या माश्या झेपावतात. म्हणून एका माशीला चापट मारून चिरडणे म्हणजे शंभर माश्यांना आमंत्रण देणे होय. हे एवढे साधे विज्ञान शाळेच्या सहलीत निघण्यापूर्वी मुलांना कोणी सांगते काय?

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो. ‘पर्यटकाची वैयक्तिक जबाबदारी’ असा शब्द उच्चारला की आमच्या चळवळीतील माणसाच्या कपाळावर आठी पडते, आणि ती पडणे स्वाभाविक आहे. कारण ‘तुझी जबाबदारी’ हा शब्द या देशात नेहमी दुबळ्याच्या माथी मारला गेला. तू गरीब आहेस, ती तुझी जबाबदारी. तू अडाणी राहिलास, ते तुझे कर्म. गटारात उतरून मेलास, तर मास्क का लावला नाहीस? ज्यांनी शिडीच काढून घेतली, तेच वर चढला नाहीस म्हणून दूषणे देतात. ही लबाडी आम्ही ओळखतो. म्हणून जबाबदारीचा विचार करताना आम्ही एक कसोटी लावू इच्छितो. ज्याच्याकडे निवड आहे, माहिती आहे आणि साधने आहेत, त्याची जबाबदारी मोठी. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्याला जबाबदारीचे व्याख्यान देणे हा अन्याय आहे.

ही कसोटी लावून पाहा. अजिंठ्याला किंवा ताडोब्याला जाणारा पर्यटक मौजेखातर जातो. त्याला न जाण्याचे स्वातंत्र्य आहे. वेळ, वाहन, अंतर सगळे त्याच्या हातात आहे. उलट चंद्रपूर जिल्ह्यातील बाई तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाते ती हौसेने नव्हे. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यात व्याघ्रगणनेचे काम पायी करताना एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केले. आपल्याच भागात रात्रीची वीज येते म्हणून अंधारात पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी सापावर पाय देतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतली होती. या माणसांना ‘स्वतःची काळजी घ्या’ असे सांगून हात झटकणे म्हणजे निर्लज्जपणा आहे. त्यांना हवी दिवसाची वीज, पायात बूट, हातात बॅटरी, जवळच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आणि जंगलावर न विसंबता जगता येईल असा रोजगार. ती जबाबदारी शासनाची.

पण याच कसोटीने पर्यटक सुटत नाही. उलट तो पुरता अडकतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी, नववर्षाच्या तोंडावर, उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात काय घडले ते आठवा. एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी घेरले. तिला वाट मिळेना. त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पहिली कारवाई झाली ती जिप्सीचालक आणि गाईड यांच्यावर. त्यांना निलंबित करण्यात आले. नियम मोडला तर कारवाई व्हायलाच हवी, याबद्दल आमचे दुमत नाही. पण जिप्सीचालक हा गावातला पोरगा, गाईड हाही त्याच जंगलाकाठचा. ‘अजून जवळ घे, वाघ नीट दिसला पाहिजे, पैसे उगाच दिले का?’ असे म्हणणारा कोण असतो? बक्षिसीची नोट पुढे करणारा कोण असतो? वाघ दिसला नाही तर गाईडवर तोंडसुख घेणारा कोण असतो? हौस साहेबाची आणि भाकरी जाते गाईडची. मनुस्मृतीने शिक्षेचे जे तत्त्व सांगितले, वरच्याला सौम्य आणि खालच्याला कठोर, तेच तत्त्व जंगलाच्या फाटकावर वेगळ्या वेषात उभे आहे. पर्यटकाने आपली जबाबदारी उचलली नाही की ती अशी घरंगळत सर्वांत खालच्या पायरीवर येऊन पडते. म्हणूनच आमच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही, तो न्यायाचा आहे.

अजिंठ्यातही हेच. मोहोळ उठले की पर्यटक बसमध्ये बसून निघून जातो. सुरक्षारक्षक, डोलीवाले, झाडूवाल्या बाया, मण्यांच्या माळा विकणारे मात्र तिथेच असतात. दुसऱ्या दिवशीही त्यांना त्याच कड्याखाली उभे राहायचे असते. आपल्या एका दगडाची किंमत कोण मोजतो, हे दगड उचलण्यापूर्वी आठवले पाहिजे.

काही धम्मबांधव म्हणतील, आम्ही मैत्री भावनेने जातो, आम्हाला प्राणी काही करणार नाहीत. यावर थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. सतराव्या लेण्यात नालागिरी हत्तीचा प्रसंग रंगविलेला आहे. राजगृहाच्या रस्त्यावर तथागतांवर सोडलेला तो पिसाळलेला हत्ती त्यांच्यापुढे शांत झाला, ही कथा सर्वांना माहीत आहे. पण कथेचा पहिला भाग आपण विसरतो. हत्ती स्वतःहून पिसाळला नव्हता. देवदत्ताच्या कारस्थानाने त्याला दारू पाजून सोडण्यात आले होते. म्हणजे प्राण्याला पिसाळविणारा माणूसच होता. आज धूर करून, दगड मारून, गाड्यांनी घेरून प्राण्याला बिथरविणारे आपण देवदत्ताच्या बाजूला उभे असतो, तथागतांच्या नव्हे. आणि दुसरे असे की बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना चमत्काराला थारा दिला नाही. परित्राण पाठ म्हटल्याने विष उतरत नाही. मैत्री म्हणजे प्राण्याच्या जवळ जाणे नव्हे, त्याला त्याच्या जागी सुखाने राहू देणे होय.

शिस्तीचे मूळही धम्मातच आहे. वर्षावास का सुरू झाला? पावसाळ्यात भिक्खू सगळीकडे हिंडतात, कोवळे गवत तुडवितात, बारीकसारीक जीव पायांखाली मारतात, अशी लोकांनी तक्रार केली. तथागतांनी ती तक्रार फेटाळली नाही. लोक अडाणी आहेत असे म्हटले नाही. पावसाळ्याचे महिने एका जागी राहण्याचा नियम संघाला घालून दिला. अजिंठ्यासारखी विहारे कोरली गेली ती याच नियमाच्या गरजेतून. थोडक्यात, ज्या लेण्यात आपण जातो ते लेणेच मुळी ‘माझ्या फिरण्याने दुसऱ्या जिवाला इजा होऊ नये’ या विचारातून उभे राहिले आहे. अशा ठिकाणी जाऊन मोहोळावर दगड मारणे याला काय म्हणावे? आणि भिक्खूने गावात कसे वावरावे हे सांगताना धम्मपदात दाखला दिला आहे तोही मधमाशीचाच, हे आमच्या तरुणांनी एकदा वाचून पाहावे.

संविधानाचीही हीच दिशा आहे. मूलभूत कर्तव्यांचा भाग १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला. तो बाबासाहेबांच्या मूळ मसुद्यातला नव्हे, हे खरे. पण अनुच्छेद ५१-क मधील तीन कर्तव्ये एकापाठोपाठ आली आहेत ती पाहण्यासारखी आहेत. आपल्या संस्कृतीच्या वारशाचे जतन करणे, वने आणि वन्यजीव यांचे रक्षण करून प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे, आणि वैज्ञानिक दृष्टिकोन व मानवतावाद जोपासणे. अजिंठ्याच्या पायऱ्या चढताना ही तिन्ही कर्तव्ये एकाच वेळी आपल्या सोबत असतात.

मग करायचे काय? आमच्या विहारांनी, महिला मंडळांनी, तरुण मंडळांनी आणि शाळांच्या शिक्षकांनी सहल काढताना काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. निघण्यापूर्वी अर्धा तास सर्वांना बसवून माहिती द्यावी. सोबत किती माणसे, कोणाला दमा आहे, कोणाला पूर्वी माशी डसून अंगावर गांधी उठल्या होत्या, याची नोंद एका वहीत करावी. दर दहा माणसांमागे एक जबाबदार माणूस नेमावा. उग्र अत्तर आणि स्प्रे लावू नये. आमचे उपासक-उपासिका पांढरी वस्त्रे वापरतात, ती इथेही सोयीची आहेत, कारण गडद रंगावर माश्या अधिक चिडतात. लेण्यांच्या परिसरात बिडी-सिगारेट, धूर, फटाके, ढोल, शिट्ट्या यांना सक्त मनाई असावी. वंदना शांतपणे करावी. अगरबत्ती आणि मेणबत्ती गावच्या विहारात लावावी, कारण धुराने चित्रेही काळवंडतात आणि मोहोळही उठते. पोळी कुठे आहेत हे तिथल्या रक्षकाला आधी विचारावे आणि त्याने ‘इकडे जाऊ नका’ म्हटले की हुज्जत घालू नये. त्याच्या अंगावर साधा गणवेश असला तरी त्या जागेचे ज्ञान त्याला आपल्यापेक्षा जास्त आहे. माकडांना खायला घालू नये. खाण्याची सवय लागली की ते पिशव्या ओढतात, चावतात, आणि मग त्यांना ‘उपद्रवी’ ठरविले जाते.

एवढे करूनही मोहोळ उठलेच तर? हात झटकायचे नाहीत, माश्या मारायच्या नाहीत. ओढणी, उपरणे, पदर, मिळेल त्याने डोके आणि तोंड झाकायचे आणि थेट जवळच्या बंदिस्त किंवा अंधाऱ्या जागेत शिरायचे. लेण्याचा आतला भाग, खोली, काचा लावलेली गाडी, काहीही चालेल. लहान मुलांना आधी झाकायचे. पाण्यात उडी घ्यायची नाही. माश्या वर घिरट्या घालत राहतात आणि माणूस बुडतो. बाहेर पडल्यावर कातडीतल्या नांग्या जितक्या लवकर निघतील तितक्या काढायच्या, नखाने खरवडून काढल्या तरी चालतात, कारण नांगीला लागलेली पिशवी काही काळ विष सोडीत राहते. त्यावर लोखंड घासणे, चुना लावणे, शेण थापणे यात वेळ घालवू नये. ओठ-जीभ सुजणे, दम लागणे, चक्कर, उलटी, अंगभर गांधी उठणे ही लक्षणे दिसली तर तो माणूस मिनिटांवर आहे असे समजावे. त्याला अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन लागते. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि मांत्रिकाकडे नव्हे, दवाखान्यात न्यावे. खूप डंख बसलेला माणूस वरवर ठीक वाटला तरी त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे, कारण विषाचा परिणाम मूत्रपिंडावर नंतरही होऊ शकतो.

मधमाशीचेच एवढे सांगण्याचे कारण ती आपल्या सर्वांत जवळची आहे. पण नियम सगळीकडचा एकच. मुंबईचे कान्हेरी लेणे बिबट्यांच्या राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे संध्याकाळनंतर रेंगाळू नये, लेकरांना एकटे सोडू नये, उष्टे टाकू नये. उष्ट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. जुन्नरच्या लेण्यांभोवतीही बिबट्यांचे रान आहे आणि त्याच जुन्नरच्या शिवनेरीवर मार्च २०२५ मध्ये मधमाश्यांनी अनेक शिवभक्तांना जखमी केले. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ मध्ये टिपेश्वरचा वाघ शेकडो किलोमीटर चालत येऊन पोहोचला. पितळखोरे लेणे ज्या गौताळ्याच्या डोंगरात आहे, तिथे २०२१ मध्ये अनेक दशकांनंतर वाघ दिसला. रान आपल्या वाटेने परत येत आहे. आपणही शहाणे होऊन जायला हवे.

शासनाला मात्र आम्ही मोकळे सोडणार नाही. तिकिटाचे पैसे घेणाऱ्याने मोहोळांच्या हंगामात ठळक मराठी फलक लावले पाहिजेत. धोका वाढला त्या दिवशी ते लेणे बंद ठेवले पाहिजे. अ‍ॅड्रेनॅलिन आणि प्रशिक्षित माणूस लेण्यांच्या पायथ्याशीच हजर ठेवला पाहिजे, आणि डोलीवाले व रक्षक यांना जाळीचे टोप आणि विमा दिला पाहिजे. १९८३ पासून जागतिक वारसा म्हणून मिरविणाऱ्या ठिकाणी एवढे मागणे जास्त नाही. पुरातत्त्व विभागाने वनखात्याकडे आणि वनखात्याने पर्यटन खात्याकडे बोट दाखविण्याचा खेळ आता पुरे.

पण शासनाकडे मागणी करण्याचा नैतिक अधिकार त्यालाच, जो स्वतःचे काम करतो. तथागतांनी अखेरच्या दिवसांत आपल्या माणसांना स्वतःवर विसंबायला सांगितले. स्वतःवर विसंबणे म्हणजे मनाला येईल ते करणे नव्हे, तर स्वतःच्या कृतीचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर न टाकणे. पुढच्या बुद्ध पौर्णिमेला भोकरदनहून अजिंठ्याकडे जेवढ्या गाड्या निघतील, त्या प्रत्येक गाडीत निघण्यापूर्वी अर्धा तास या गोष्टी बोलल्या जाव्यात, एवढीच आमची अपेक्षा आहे. त्या अर्ध्या तासाने कोणाची आई, कोणाचे लेकरू आणि कोणा डोलीवाल्याचा जीव वाचेल.